एक्स-रेमध्ये सिकलसेल दिसतो का? पाण्यात वळवळणारा रेणू टिपणाऱ्या किरणांची गोष्ट

मागच्या मे महिन्यात रात्री साडेनऊला माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. एक्स-रेची काळी फिल्म, ट्यूबलाइटसमोर धरून काढलेली. खुब्याचं हाड दिसत होतं. खाली मेसेज: "याच्यात सिकल कुठी दिसते बे?"

आम्ही दोघंही कुरखेड्याचे. तो सिकलसेलचा रुग्ण, म्हणजे कार्डावर 'एसएस'. मी वाहक, म्हणजे 'एएस'. तेंदूपत्त्याच्या हंगामात चार दिवस उन्हात राबला आणि त्याचा खुबा असा दुखायला लागला की पाय टेकवेना. म्हणून हा एक्स-रे. मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक एका बाजूने थोडं चपटं झालेलं. रक्त नीट न पोहोचल्यामुळे सिकलसेलच्या रुग्णांत हे हाड असं झिजतं, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतंच.

मी लिहिलं, "यात सिकल दिसत नाही, सिकलनं केलेलं नुकसान दिसते."

पण मेसेज पाठवल्यावर वाटलं, आपण अर्धंच सांगितलं. कारण दुसऱ्या एका प्रकारच्या एक्स-रेमध्ये सिकलसेलचं मूळ खरंच दिसतं. हाडात नाही, पाण्यात विरघळलेल्या एका रेणूत, आणि तोही हलताना. व्हॉइस नोटमध्ये मावलं नाही ते इथे लिहितोय.

शाळेतली ती नळी

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या शाळेत शिकलेल्यांना हे आठवत असेल. आरोग्य विभागाची टीम यायची, बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब एका छोट्या नळीतल्या द्रावणात टाकायची. नळीच्या मागे काळ्या रेघा काढलेला कागद धरायचा. माझ्या पुढच्या पोराच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या. माझी नळी पातळ ताकासारखी गढूळ झाली आणि रेघा गायब. तिचं नाव सोल्युबिलिटी टेस्ट. नंतर इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी झाली आणि मी वाहक निघालो. (नळी गढूळ झाली म्हणजे आजार आहे असं नाही. वाहक आणि रुग्ण दोघांचीही नळी गढूळ होते, म्हणून दुसरी तपासणी लागतेच.)

त्या वेळी कुणी सांगितलं नाही की नळीत नेमकं काय घडलं. द्रावणात सोडियम डायथायोनाइट असतं, ते रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेला तरी विरघळलेलं राहतं. सिकलचं हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन सुटला की एकमेकांना चिकटतं, त्याचे मोठे पुंजके होतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे विखुरतो, सरळ येतच नाही. म्हणून मागच्या रेघा दिसत नाहीत.

म्हणजे त्या नळीत आम्ही रेणूंची हालचालच पाहत होतो, फक्त फार ढोबळ. गढूळ किंवा स्वच्छ, एवढे दोनच निकाल. कोणता रेणू कुठून वळला, कुठे चिकटला, किती वेळात चिकटला, हे कळायला प्रकाशापेक्षा बारीक काहीतरी लागतं.

एका अक्षराची चूक

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेल हा रेणूचा आजार आहे. रुग्णाचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने फरक नेमका पकडला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन बसलेलं असतं. बस्स, एवढंच. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली, तेव्हापासून आपला विदर्भ या नकाशावर आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचं उद्दिष्ट २०४७ आहे.

आता व्हॅलिनने काय बिघडतं? ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून लपायला कोपरा शोधणारं. हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर तसा एक तेलकट खड्डा असतो, पण ऑक्सिजन धरलेल्या अवस्थेत त्याचा आकार व्हॅलिनला जमत नाही. ऑक्सिजन सुटला की अख्खा रेणू वळतो, त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांच्या संदर्भात सुमारे १५ अंशांनी फिरतात, आणि खड्डा व्हॅलिन बसेल असा होतो. मग शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. त्याच्यामागे पुढचा, त्याच्यामागे अजून पुढचा. अशा १४ सरींचा पीळ तयार होतो आणि तो रक्तपेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतो.

तर सगळा खेळ त्या वळण्यात आहे. चुकीचं अक्षर पेशीत कायमच असतं. पण रेणू वळला नाही तर ते निरुपद्रवी पडून राहतं.

मोबाईलचा कॅमेरा का पुरत नाही

साधा प्रश्न: मग मायक्रोस्कोपला मोबाईल लावून त्या वळण्याचा व्हिडिओ का काढत नाहीत?

पहिली अडचण आकाराची. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब. हिमोग्लोबिनचा रेणू जेमतेम ६ नॅनोमीटर. म्हणजे बांबूच्या काठीने धानाचा दाणा मोजण्यासारखं. एक्स-रेची लहर ०.१ नॅनोमीटरच्या आसपास, अणूंच्या अंतराएवढी. ती चालते.

दुसरी अडचण वेळेची. तुमच्या फोनचा स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेम घेतो असं धरा. दोन फ्रेममध्ये साधारण ४ मिलिसेकंद जातात. हिमोग्लोबिनचं वळणं होतं सुमारे २ मायक्रोसेकंदात. म्हणजे तुमची एक फ्रेम संपेपर्यंत ते दोन हजार वेळा होऊन जाईल.

तिसरी अडचण मला सगळ्यात मजेची वाटते. एक्स-रेला आपल्या कॅमेऱ्यासारखी सोपी काच लावता येत नाही. हाडाच्या एक्स-रेत खरं तर सावली पडते, फोटो निघत नाही. रेणूची सावली घेऊन काही उपयोग नाही. मग करतात काय, तर नळीसारखंच विखुरणं पाहतात.

आमच्याकडे मामा तलाव आहेत. तलावात दोनचार बांबू रोवलेले असतील आणि एका बाजूने लाटा आल्या, तर बांबूंना आपटून लाटांची नक्षी बनते. तुम्ही डोळे बांबूंकडे न नेता फक्त काठावर उभं राहून नक्षी पाहिली, तरी हिशेबाने सांगता येतं की बांबू किती अंतरावर आहेत. एक्स-रे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना आपटतात, पसरतात, पलीकडच्या डिटेक्टरवर नक्षी उमटते. त्या नक्षीवरून रेणूचा आकार काढायचा.

कवायत आणि बाजार

पहिल्यांदा हे जमलं ते स्फटिकांत. मॅक्स पेरुट्झने केंब्रिजमध्ये १९३७ च्या सुमारास हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर एक्स-रे टाकायला सुरुवात केली आणि रेणूची ढोबळ रचना हाती यायला १९५९ उजाडलं. वीसेक वर्षं एकाच रेणूवर! १९६२ चं नोबेल त्याला आणि जॉन केंड्र्यूला मिळालं. १९७५ मध्ये अमेरिकेत वॉर्नर लव्हच्या गटाने सिकलच्या हिमोग्लोबिनचा स्फटिक मांडला, त्यात रेणू एकमेकांना धरून दुहेरी सरीत उभे दिसले.

स्फटिक म्हणजे शाळेतली कवायत. सगळे रेणू एका रांगेत, एका दिशेला तोंड करून. नक्षीत टोकदार ठिपके येतात आणि हिशेब सोपा होतो. पण कवायतीत कुणी हलत नाही. फेलिक्स हॉरोविट्झने १९३८ मध्ये मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं की ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनच्या स्फटिकांना हवा लागली की ते मोडतात. रेणू आतून वळू पाहतात आणि रांगच कोसळते. तेव्हाच कळायला हवं होतं की हा रेणू श्वास घेतल्यासारखा हलतो.

रक्तपेशीच्या आत कवायत नसते, आठवडी बाजार असतो. १०० मिलिलिटरमागे ३३-३४ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे जवळजवळ पाकच. एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू, सगळे गिरक्या घेत, एकमेकांना धक्के देत, पाण्यातून वाट काढत. या बाजारावर एक्स-रे टाकले तर ठिपके येत नाहीत, अस्पष्ट वर्तुळं येतात, कारण प्रत्येक रेणूचं तोंड वेगळीकडे. माहिती कमी मिळते. पण मिळते ती जिवंत रेणूची, पाण्यातल्या.

दोन फ्लॅशची युक्ती

२००८ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये एक प्रयोग छापून आला. जागा फ्रान्समधलं ग्रनोबल शहर, तिथला ईएसआरएफ सिंक्रोट्रॉन. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवणारं कडं. ग्रनोबलच्या कड्याचा घेर ८४४ मीटर आहे. इलेक्ट्रॉन वळताना प्रचंड तेजस्वी एक्स-रे फेकतात, तेही सलग नाही, तर छोट्या छोट्या झोतांत. एक झोत सुमारे १०० पिकोसेकंदांचा. सेकंदाचे एक हजार कोटी तुकडे केले तर त्यातला एक.

प्रयोग असा. माणसाचं साधं, निरोगी हिमोग्लोबिन पाण्यात विरघळवलं. त्याला ऑक्सिजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड धरायला लावलं, कारण तो प्रकाशाच्या फटक्याने सहज सुटतो. मग लेझरचा एक फ्लॅश: सगळ्यांचा कार्बन मोनॉक्साइड एकदम सुटला, शर्यतीची शिट्टी वाजली म्हणा. त्यानंतर ठरलेल्या वेळाने एक्स-रेचा दुसरा फ्लॅश: नक्षी टिपली. पुन्हा नवीन द्रावण, पुन्हा लेझर, आता एक्स-रे थोडा उशिरा. असं हजारो वेळा.

म्हणजे हा खराखुरा व्हिडिओ नाही. प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे रेणू आहेत. तुम्ही मातीचं खेळणं थोडं थोडं हलवून, एकेक फोटो काढून रील बनवता ना, त्याच्या जवळचं काहीतरी.

द्रावण सारखं वाहतं ठेवावं लागतं. एक्स-रे पाण्याचेच तुकडे करतात आणि ते तुकडे प्रथिनाला खराब करतात, त्यामुळे मार खाल्लेलं पाणी पुढे ढकलायचं आणि ताजं समोर आणायचं. शिवाय लेझरने पाणी किंचित तापतं आणि पाण्याची स्वतःची नक्षीही बदलते. रेणू वळल्यामुळे नक्षीत पडणारा फरक एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्यातून पाण्याचा गोंगाट वजा करायचा आणि उरेल ते हिमोग्लोबिनचं. हे वाचताना मला राहून राहून वाटलं, लग्नाच्या डीजेत शेजारच्याचं कुजबुजणं ऐकण्याचा प्रकार आहे हा.

आणि निष्कर्ष? प्रकाशाच्या जुन्या मोजमापांवरून शास्त्रज्ञ समजत होते की हे मोठं वळण २० मायक्रोसेकंदांच्या आसपास होतं. एक्स-रेने दाखवलं, २ च्या आसपासच. प्रकाश रेणूच्या मधल्या लोहाच्या भागाचा रंग पाहतो, तर एक्स-रे अख्ख्या रेणूचा आकार पाहतात. दाराचा रंग पाहणाऱ्याला घर कधी फिरलं ते उशिरा कळलं.

भिंतीवरचे चमचमते ठिपके

अजून एक पद्धत आहे, ती घरी थोडीशी अनुभवता येते. लेझर पॉइंटरचा ठिपका भिंतीवर पाडा (कुणाच्याही डोळ्यात नाही, आरशावर नाही). ठिपक्यात बारीक दाणेदार चमचम दिसेल. आता पेल्यातल्या पाण्यात दुधाचे दोनचार थेंब टाकून त्यातून किरण जाऊ द्या आणि पलीकडचा डाग निरखा. दाणे आता स्थिर राहत नाहीत, उकळल्यासारखे वळवळतात. दुधातले स्निग्ध कण हलतायत म्हणून. कण जितके चपळ, तितकी वळवळ जलद.

हेच एक्स-रेने केलं की रेणू गर्दीतून किती वेगाने सरकतात ते मोजता येतं. जर्मनीत हॅम्बर्गजवळ २०१७ मध्ये सुरू झालेला युरोपियन एक्सएफईएल हा ३.४ किलोमीटर लांबीचा जमिनीखालचा एक्स-रे लेझर आहे, सेकंदाला २७,००० झोत देऊ शकणारा. तिथे प्रतिपिंडांच्या दाट द्रावणावर हा प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापला गेला. रेणू कसे पसरतात आणि कधी गोळा व्हायला लागतात, दोन्ही दिसलं. सिकलसेलमध्ये नेमका हाच प्रश्न आहे: बाजारातली माणसं मोकळी फिरतायत की रांग धरायला लागलीत?

आपल्याकडे इंदूरला, अर्ध्या मराठी शहरात म्हणा, इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे प्रथिनांच्या स्फटिकांसाठी स्वतंत्र बीमलाइन उभारली आहे. २०१७ मध्ये भारत ग्रनोबलच्या ईएसआरएफचाही सहयोगी झाला, त्यामुळे आपल्या संशोधकांना तिथे वेळ मिळू लागला.

"पान्यानं काय होते?"

एवढं सगळं भावाला तुकड्या-तुकड्याने सांगितलं. त्याचा प्रश्न वेगळाच. "डॉक्टर म्हणते पानी पे, पानी पे. पान्यानं काय होते?"

याचं उत्तर मला खरंच माहीत होतं, आणि ते या सगळ्याशी जोडलेलं आहे. सिकलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सुटल्याबरोबर लगेच पीळ धरत नाही. आधी थोडा थांबा असतो. १९७४ मध्ये अमेरिकेत हा थांबा मोजला गेला (एक्स-रेने नाही, दुसऱ्या पद्धतींनी) आणि धक्कादायक गोष्ट कळली. हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर थांबा भयंकर अवलंबून आहे, दाटपणाच्या १५ ते ३० व्या घातावर. सोप्या भाषेत, पेशीतलं पाणी कमी होऊन दाटपणा फक्त १० टक्के वाढला तर थांबा चार पटींपासून सतरा पटींपर्यंत कमी होतो.

रक्तपेशी बारीक केशवाहिनीतून साधारण एकदोन सेकंदांत पार होते. थांबा त्याहून मोठा असेल तर ती वाकडी होण्याआधी मोठ्या नळीत येते, फुफ्फुसात जाऊन ऑक्सिजन घेते, सुटते. थांबा लहान झाला तर पीळ मधेच तयार होतो, पेशी अडकते, मागच्या अडकतात, आणि मग ते दुखणं. मे महिन्यातलं ऊन, पहाटेपासून जंगलात पानं तोडणं, सोबत एक बाटली पाणी, तीही नऊ वाजता संपलेली. त्याच्या खुब्यातलं गणित असं होतं.

पाणी हे औषध नाही, हेही त्याला सांगितलं. औषध हायड्रॉक्सियुरिया, डॉक्टरांच्या देखरेखीत. ते शरीरात बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं आणि ते त्या पिळात बसत नाही. ते बंद करू नकोस, असं बजावलं.

रेणूच्या वळण्यावरच नेम धरलेलं औषधही आलं होतं, व्हॉक्सेलोटर. ते हिमोग्लोबिनला ऑक्सिजनवाल्या आकारातच धरून ठेवायचं, म्हणजे खड्डा उघडायलाच नको. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. कागदावर मला ते आजवरचं सगळ्यात सुंदर औषध वाटलं होतं. पण ऑक्सिजन घट्ट धरून बसलेला रेणू तो ऊतींना देणार कसा, ही शंका काही जणांना आधीपासून होती. पुढच्या चाचण्यांत दुखण्याचे झटके आणि मृत्यू जास्त दिसले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते जगभरातून मागे घेतलं. पाण्यातला रेणू समजला म्हणून माणूस समजला असं होत नाही, हे वाचून मी त्या दिवशी गप्पच बसलो होतो.

भावाने सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग तो एक्स-रे कुरखेड्यात कधी येईन?"

मी म्हटलं, येत नाही, त्याला ८४४ मीटरचं कडं लागते.

"मंग आपली नळीच बरी," तो म्हणाला. आणि लगेच दुसरा मेसेज: "तुयं लग्न जुळून रायलं ना? पोरीची नळी पायली का?"

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. हे मी या लेखासाठी दहा वेळा वाचलं होतं. तिकडे मात्र अजून विचारलं नव्हतं. त्याला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि त्याआधी दुसरीकडे एक फोन करावा लागला.